टिकलं नसतंच त्यांचं?

शोकांत प्रेमकथा संपली की डोळे पुसता पुसता कुणीतरी एक वाक्य हमखास बोलतं. "जाऊ दे गं, जगले असते तरी टिकलं नसतंच त्यांचं." रोमिओ-ज्युलिएटबद्दल हे बोललं जातं, लैला-मजनूबद्दल बोललं जातं, आणि २०१६ पासून आपल्या मराठी घरांत ते सगळ्यांत जास्त बोललं जातं ते 'सैराट'मधल्या आर्ची आणि परश्याबद्दल. वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या तोंडून आलं तर त्याला वजनही येतं, कारण प्रेम म्हणजे काय आणि घर चालवणं म्हणजे काय हे तिनं दोन्ही हातांनी तोलून पाहिलेलं असतं.

तरीही मला ते वाक्य तपासून पाहायचं आहे. कारण ते सिनेमापुरतं राहत नाही. आपल्याच घरातल्या मुलीनं आपल्या मनानं कुणी निवडला की तेच वाक्य फक्त काळ बदलून पुढे येतं. "टिकायचं नाही, बघ."

आधी त्या वाक्याची बाजू घेऊ. काही कथांत ते अगदी रास्त आहे. शेक्सपियरची ज्युलिएट चौदा वर्षांचीसुद्धा झालेली नाही. तिची आणि रोमिओची ओळख, लग्न, ताटातूट आणि मरण हे सगळं चार-पाच दिवसांत उरकतं. त्यातही नाटक सुरू होतं तेव्हा रोमिओ दुसऱ्याच एका मुलीसाठी उसासे टाकत असतो. या दोघांनी एकत्र एक वेळचा स्वयंपाक केलेला नाही, एकमेकांचं आजारपण पाहिलेलं नाही, पैशावरून भांडण केलेलं नाही. ती दोघं टिकली असती का, या प्रश्नाला नाटकात उत्तरच नाही. हो म्हणा, नाही म्हणा, दोन्ही अंदाजच.

'एक दूजे के लिए' हा १९८१चा सिनेमा आपल्या पिढीनं पाहिलेला आहे. गोव्यात शेजारी शेजारी राहणारी दोन घरं, एक तमिळ, एक उत्तर हिंदुस्थानी. तिथे तर मोठी माणसं हाच प्रश्न अट म्हणून घालतात. एक वर्ष भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, आणि तरीही मन बदललं नाही तर लग्न लावून देऊ. म्हणजे टिकतं की नाही याची परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर ज्यांना ते टिकायला नकोच आहे ते. शेवट आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेत दोघं नापास होत नाहीत. त्यांना निकालापर्यंत पोचूच दिलं जात नाही.

आता 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ला आला आणि मराठीत त्याआधी कुठल्याच सिनेमानं केली नव्हती एवढी कमाई त्यानं केली. अजय-अतुलच्या गाण्यांवर लग्नाच्या वराती नाचल्या. गंमत अशी, की गाणी जवळजवळ सगळी पूर्वार्धात आहेत, आणि लोकांच्या मनात सिनेमा म्हणजे तेवढाच पूर्वार्ध उरला आहे. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, क्रिकेट. पाटलाची दांडगी लेक आणि मासे धरणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीतल्या घरातला हुशार मुलगा. हेच डोळ्यांसमोर ठेवून आपण म्हणतो, "कॉलेजातलं वेड ते, कसलं टिकतंय!"

पण सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे आणि दिग्दर्शकानं त्यातला मोठा भाग एकाच कामाला दिला आहे. ही दोघं टिकतात की नाही, ते दाखवायला. बाकीच्या शोकांत प्रेमकथा जिथे थांबतात, तिथून हा सिनेमा नव्यानं सुरू होतो.

आर्ची-परश्या पळून हैदराबादला पोचतात. पैसे नाहीत, भाषा येत नाही. रात्री गुंड गाठतात, आणि तिथून सुमनअक्का नावाची एक बाई दोघांना सोडवते. ती एकटी मुलगा वाढवते, झोपडपट्टीत राहते, डोशाचा गाडा चालवते. ती त्यांना डोक्यावर छप्पर देते. परश्या तिच्या गाड्यावर डोसे घालतो. घरी ज्या मुलीनं पाण्याचा पेला उचलून ठेवला नसेल ती आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि सोबतच्या मुलीकडून तेलुगू शिकते. या भागात गाणी नाहीत म्हणून प्रेक्षकांना तो लांबलेला वाटतो. मला तोच सिनेमाचा कणा वाटतो. अस्वच्छ वस्ती, संडासाची घाण, घरची आठवण, रडू. नव्या नवरीला दोन दिवसांत सासर परकं वाटतं, हिला तर सगळं शहरच परकं.

मग भांडणं सुरू होतात. परश्या संशय घेतो. हात उचलतो. इथे आपल्यापैकी पुष्कळ जणींचं मत पक्कं होतं, की बघा, शेवटी तोही तसलाच निघाला. हा आक्षेप मी हलका धरत नाही. ज्या मुलीनं त्याच्यासाठी पिस्तूल हातात घेतलं तिच्यावर संशय घेणारा मुलगा पाहून मलाही संताप येतो. सिनेमानं त्याला पुरेसं जाब विचारलेलं नाही, हेही माझं म्हणणं आहे. आर्ची गावाकडे जायला निघते तेव्हा इकडे परश्या गळफास लावून घेण्याच्या तयारीला लागतो. मारणारा पुरुष 'तू गेलीस तर मी मरेन' या टोकाला जातो आणि प्रेक्षकांच्या मनात एकदम त्याच्याविषयी दया येते, ही जुनी युक्ती आहे. ती इथे नसती तर बरं झालं असतं.

मात्र त्याच प्रसंगातली एक गोष्ट नीट पाहा. आर्ची परत फिरते ती वाटेतच. गळफास तिनं पाहिलेला नसतो, तो तिला परत आल्यावर दिसतो. म्हणजे परत येण्याचा निर्णय धमकीनं झालेला नाही, दयेनंही नाही. मार खाल्लेली, घरच्या आठवणीनं कासावीस झालेली मुलगी एकटी बसून विचार करते आणि ठरवते. पहिल्यांदा ती निघाली तेव्हा वेड होतं असं म्हणा हवं तर. दुसऱ्यांदा ती सगळं बघून, घाणीसकट, मारासकट बघून आलेली आहे.

हिला मी आदर्श म्हणत नाही. कुणाही मुलीला मी 'मार खाऊन परत जा' असं सांगणार नाही. मुद्दा वेगळा आहे. 'टिकलं नसतं' म्हणणारीला जो दिवस अभिप्रेत असतो, तो तुटण्याचा दिवस सिनेमात येऊन गेलेला आहे. त्यानंतर नोंदणी कार्यालयात लग्न होतं. त्यानंतर बाळ होतं. काही वर्षं जातात, परिस्थिती सुधारते, नवं घर घ्यायचं बोलणं सुरू होतं. घरातली भांडी जागच्या जागी लागतात. मग मारेकरी येतात. ते प्रेमिकांना मारत नाहीत, एका चालत्या संसाराला मारतात.

आता थोडं आमच्याकडचं सांगते. भोपाळच्या तात्या टोपे नगरात जवाहर चौक आहे. तिथल्या जैन मंदिरात स्वाध्याय संपला की बायका घटकाभर पायऱ्यांपाशी थांबतात. आम्ही काही जणी विदर्भ-मराठवाड्याकडून लग्न होऊन आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. बाकीच्या सागर, दमोह, विदिशाकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. आम्ही 'सैराट' पाहिलेला, त्यांनी त्याचाच हिंदी अवतार, २०१८चा 'धडक'. तिथे गाव उदयपूर आहे, पळून जातात ते कोलकात्याला, आणि शेवट बदललेला आहे. नवरा आणि लेकरू मारले जातात, मुलगी जिवंत राहते. एकदा दोन्ही सिनेमांचा विषय निघाला तेव्हा मला एक फरक जाणवला. 'धडक' पाहिलेल्या बायका म्हणत होत्या, "बेचारी, अब किसके सहारे जिएगी?" त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडून 'टिकलं नसतं' आलं नाही. ते आलं आमच्या मराठी बायकांकडून.

आमच्या बायका काही जास्त कठोर नाहीत. 'धडक'मधली मुलगी जिवंत आहे, समोर उभी राहून ओरडते आहे. जिवंत विधवेला तोंडावर 'तसंही टिकलं नसतंच' असं कुणी म्हणू शकत नाही. 'सैराट'मध्ये दोघंही गेलेली आहेत, मागे फक्त बोलताही न येणारं लेकरू आहे. उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही, म्हणून आपल्याला बोलायला सोपं जातं. आणि त्या बोलण्यानं होतं काय, तर प्रिन्सच्या हातावरचं रक्त थोडं पुसलं जातं. जे आपोआप मोडणारच होतं ते त्यानं थोडं आधी मोडलं, एवढंच. एकीच्याही मनात असं नसतं हे मला माहीत आहे. वाक्याचा अर्थ मात्र तिथेच जाऊन पोचतो.

टिकणं म्हणजे तरी काय, हे आपल्याच घरात पाहू. ठरवून झालेली लग्नं टिकतात असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ते पुष्कळसं खरंही आहे. पण ती नवरा-बायकोच्या दोन खांद्यांवर टिकलेली असतात का? पहिला दिवाळसण असतो. डोहाळजेवण असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना आईच्या हातचं गरम पाणी आणि डिंकाचे लाडू. जावई तिरसट निघाला तर मामा जाऊन बसतो, दोन गोष्टी गोडीत सांगतो, दोन कडक. पैशाची अडचण आली तर सासरे चुपचाप पाकीट देतात. आणि बिनसलंच तर रुसून आठ दिवस माहेरी जाता येतं. आठ दिवसांनी वडील स्वतः पोचवायला येतात, आणि दोघांपैकी कुणालाच हार मानावी लागत नाही.

आर्चीला ते आठ दिवस नाहीत. तिला रुसायचं तरी कुठे, तर रेल्वेत. ती गावापर्यंत पोचली असती तर काय झालं असतं याचा विचार आपण करतो का? ज्या वडिलांनी मुलांवर सामूहिक बलात्काराची खोटी तक्रार दाखल करायला लावली आणि जी तक्रार तिनंच हट्टानं मागे घ्यायला लावली, त्या वडिलांच्या दारात ती काय म्हणून उभी राहणार होती? दोन्हीकडची दारं बंद असताना एका खोलीत, एका स्टोव्हवर, परक्या भाषेत या दोघांनी जे टिकवलं, ते आपल्यापैकी किती जोडप्यांना जमलं असतं? मी माझ्या आणि 'यां'च्या पहिल्या दोन वर्षांचा हिशेब मनात मांडून पाहिला. माझ्या आईचे फोन आणि सासूबाईंचा समजूतदारपणा त्यातून वजा केला तर शिल्लक फार नव्हती.

आपल्या पुराणातली अंजना-पवनंजयाची कथा बायकांना पाठ असते. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात ती सविस्तर आहे. पवनंजयानं एका गैरसमजावरून लग्नानंतर बावीस वर्षं अंजनेचं तोंड पाहिलं नाही. एका रात्री सरोवराकाठी जोडीदाराच्या विरहानं तळमळणारी चक्रवाकी पाहून त्याचं मन पालटलं आणि तो गुपचूप तिच्या महाली आला. तिला दिवस गेले. नवरा युद्धावर, सासूचा विश्वास बसेना. तिनं तिला घराबाहेर काढलं. अंजना माहेरी गेली, तर सख्ख्या बापानं दार लावून घेतलं. रानात तिच्यासोबत गेली ती एकटी वसंतमाला, तिची सखी. गुहेत हनुमानाचा जन्म झाला तेव्हा तीच जवळ होती. पुढे मामा भेटला आणि त्यानं आपल्या घरी नेलं. इकडे परत आलेला पवनंजय, अंजना दिसेना म्हणून मरायला निघाला होता. मग दोघं भेटली आणि संसार झाला.

ही कथा ऐकताना आपण कधी म्हणतो का, की बावीस वर्षं ज्यानं विचारलं नाही त्याच्याशी कसलं टिकणार? म्हणत नाही, कारण शेवट माहीत आहे. पण शेवट तसा का झाला? प्रेम होतंच. त्याशिवाय वसंतमाला होती आणि मामा होता. मधल्या काळात कुणीतरी दार उघडलं. 'सैराट'मधली सुमनअक्का ही मला त्या वसंतमालेची बहीण वाटते. आर्चीच्या वाट्याला वसंतमाला आली. मामा मात्र आला नाही. मामाच्या जागी भाऊ आला.

तो कसा आला, हे सिनेमातलं सगळ्यांत अवघड दृश्य. आर्ची आईला फोन करते. लेकराला बोलायला लावते, कुठल्याही लेकीनं लावावं तसं. त्यानंतर भाऊ आणि नातेवाईक दारात येतात, आईनं पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. शेजारीण बाळाला घेऊन बाहेर गेलेली असते. आर्ची त्यांना घरात घेते, चहा करते. आपण काय वेगळं केलं असतं? माहेरचं माणूस इतक्या वर्षांनी दारात आलं तर आपणही आधी गॅस पेटवला असता. ती मरते ते परश्यावरचं प्रेम उडालं म्हणून नाही. माहेरावरची माया उडाली नव्हती, म्हणून मरते. तुटलं असेल तर तिकडून तुटलं. तिच्याकडून दोन्ही नाती टिकलेली होती.

आता कुणी म्हणेल, "आपल्या समाजात असं होत नाही. आपण मुंगीसुद्धा वाचवून चालतो." खरं आहे, कोयते आपल्या घरात निघत नाहीत. पण हिंसा फक्त हातानं होते असं आपला धर्म सांगत नाही. भावहिंसेचं प्रवचन आपण दर चातुर्मासात ऐकतो. आणि जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचं आपण काय करतो ते बघा. दिगंबर घरातली मुलगी श्वेतांबर घरात गेली तरी महिनोन् महिने बोलणं बंद ठेवणारी घरं मला माहीत आहेत. भावाच्या लग्नपत्रिकेत सगळ्या बहिणींची नावं छापतात, हिचं गाळतात. बाळंतपणाला बोलवत नाहीत. राखी पोस्टानं येते ती पाकिटातच राहते. आधी एक एक टेकू काढून घ्यायचा, मग भिंत कलली की शेजारणीला सांगायचं, "मी म्हटलंच होतं." भाकीत खरं ठरवायला आपणच कष्ट घेतलेले असतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सज्ञान मुलगा-मुलगी परस्परांच्या संमतीनं लग्न करत असतील तर घराच्या, जातीच्या किंवा पंचायतीच्या परवानगीची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८मध्ये 'शक्ती वाहिनी' खटल्यात सांगितलं आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला सरकारांना बजावलं. पोलीस दाराशी उभा राहू शकतो. डिंकाचे लाडू त्याला करता येत नाहीत.

तर मग टिकलं असतं का? माझं उत्तर, हो, टिकलं असतं. आपली टिकतात तसंच. भांडून, अबोला धरून, लेकराच्या शाळेच्या फीसाठी कुठेतरी काटकसर करून. परश्यानं पुन्हा हात उचलला असता तर आर्ची गप्प बसली नसती, हे तिच्या पहिल्या प्रसंगापासून दिसतं. कदाचित दहा वर्षांनी तिनं त्याला सोडलंही असतं. तो तिचा निर्णय असता, तिच्या आयुष्यातला, तिनं जगून घेतलेला. न टिकणं हा काही गुन्हा नाही. थाटात लागलेली, पाचशे पानं उठलेली लग्नंही मोडतात आणि आपण त्या मुलींना परत घरात घेतो, दुसरं स्थळ पाहतो.

म्हणून मैत्रिणींनो, यापुढे हा विषय निघेल तेव्हा प्रश्न जरा बदलून विचारू. नसतंच टिकलं, तर आर्ची कुठे गेली असती? आणि सिनेमा बाजूला ठेवून, आपल्या गोतावळ्यातल्या ज्या मुलीचं नाव पत्रिकेतून गाळलं आहे, तिला आज रात्री घर सोडावं लागलं तर ती कुणाचा नंबर लावेल? तो नंबर आपला असेल, असं तिला आधीच सांगून ठेवायला एक फोन पुरतो.